वाचकांचे प्रश्न: वर्गात वारली आणायची म्हणजे नक्की काय आणायचं?

मागच्या अंकात शाळांच्या चित्रप्रदर्शनांबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं की वारली चित्र आपल्या जवळपास प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहे पण वारली माणूस त्या शाळेत पाहुणा म्हणून कधी आलेला नसतो. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. आधीच सांगते, मी स्वतः वारली नाही. डहाणू-तलासरी पट्ट्यात २६ वर्षं ड्रॉइंग शिकवलं, जे कळलं ते तिथल्या बायकांकडून आणि पोरांकडून कळलं, त्यामुळे चूक माझी आणि बरोबर असेल ते त्यांचं असं समजून वाचा.

ताई, मी पुण्यात सातवीला चित्रकला शिकवते. दरवर्षी आम्ही वारलीचा एक तास घेतो, दोन त्रिकोण, गोल डोकं, तारपा नाच, पोरं खूश असतात. यावर्षी एका पालकांनी विचारलं की हे असं शिकवणं योग्य आहे का. मला उत्तर देता आलं नाही. बंद करू का?

बंद नका करू. पण तुमचा तास जिथे सुरू होतो तिथून जरा मागे जाऊन सुरू करा.

त्रिकोण हे शेवटचं आहे बघा, पहिलं नाही. पहिलं आहे ते लग्नघर. कारवीच्या काड्यांची भिंत, तिच्यावर शेणमातीचा लेप, वरून गेरू. लग्नाच्या वेळी त्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. हो, लिहितात. आमच्याकडच्या बायका चौक ‘काढला’ असं म्हणत नाहीत, ‘लिहिला’ म्हणतात, आणि हा एक शब्द जरी तुम्ही वर्गात सांगितलात ना तरी पोरांचं बघणं बदलतं, कारण लिहिलेलं वाचायचं असतं. चौकाच्या आत पालघट देवी, बाजूला झाडं, चंद्र-सूर्य, फणी, शिडी, आणि वेगळा छोटा देवचौक, त्यात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा पंचशिऱ्या. धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलावते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, तिथे लग्न बाई लावते, हेही सांगा पोरांना, फार कान टवकारतात. चौक नाही तर लग्न नाही. म्हणजे आपण ज्याला डेकोरेशन म्हणतो ते तिथे लग्नाचं कामच आहे, आपल्याकडे मंगलाष्टकं जशी.

आता यातून वर्गासाठी काय घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे. लग्नाचा चौक आणि पालघट देवी ही सरावाची चित्रं म्हणून पोरांकडून उतरवून घेऊ नका. यावर लगेच कुणीतरी म्हणेल की अहो डहाणूजवळच्या गंजाडचे चित्रकार स्वतः पालघटाची चित्रं कागदावर करून विकतात, मग आम्ही काढली तर काय बिघडलं. विकतात, बरोबर आहे. पण काय विकायचं, किती दाखवायचं, काय घरातच ठेवायचं हे त्यांनी ठरवलं. आपण परस्पर ठरवायचं नाही, एवढाच फरक आहे आणि तो मोठा आहे. म्हणून आधी विचारा.

विचारायचं कुणाला, तर कलाकाराला शाळेत बोलवा. पुणे काही लांब नाही. आणि बोलवताना फुलं-नारळ-शाल देऊन मोकळं होऊ नका, मानधन आधी ठरवा, येण्याजाण्याचं भाडं, राहायची सोय, आणि एक नाही दोन सत्रं ठेवा, कारण पहिल्या दिवशी पोरं फक्त बघतात, प्रश्न दुसऱ्या दिवशी येतात. विषय त्यांनाच ठरवू द्या. शक्य असेल तर बाईला बोलवा. हे मी मुद्दाम सांगतेय. चौक पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी लिहिला, पण सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला मंडळाकडून डहाणू भागात आले, कागद दिले, मग चित्रं बाहेर गेली, पैसा आला, आणि नावं झाली ती बहुतेक पुरुषांची. त्यात जिव्या सोमा म्हसे खरोखर थोर, त्याबद्दल वादच नाही. लहानपणी आई गेली तेव्हा हा मुलगा बोलायचाच थांबला आणि धुळीत चित्रं काढून सांगायचा काय सांगायचं ते. २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. त्यांची गोष्ट वर्गात सांगाच, पण त्यांच्या आधी भिंतीवर लिहिणाऱ्या ज्या शेकडो बायकांची नावं कुणी टिपली नाहीत त्यांच्याबद्दलही दोन मिनिटं बोला.

मग पोरांनी काय काढायचं, तर त्यांचं स्वतःचं. वारली बाई काय करते, तिच्या आजूबाजूचं लिहिते. भात लावणं, मासे पकडणं, ताडावर चढलेला माणूस, कोंबड्या, मुंग्या. वरून बघितलेलं आणि समोरून बघितलेलं एकाच चित्रात ठेवते, मोठं ते जवळचं आणि लहान ते लांबचं असला हिशोब तिथे नाही. हे पोरांना नीट बघायला लावा, अर्धा तास नुसतं बघू दे, आणि मग म्हणा, आता तुझ्या सोसायटीचं लिही. सिंहगड रोडचा ट्रॅफिक लिही. पाण्याचा टँकर आलाय ते लिही. स्वतःची खूण शोधू दे, त्रिकोणच पाहिजे असं नाही. माझ्या अनुभवात यातून पोरं वारलीच्या डोळ्यांनी बघणं शिकतात, आणि दुसऱ्याचं उचललं असंही होत नाही. मार्क देताना त्रिकोण किती सरळ आले ते बघू नका, प्लीज. आणि प्रदर्शनात खाली पट्टी लावाल तिच्यावर शिकवणाऱ्या कलाकाराचं नाव, गाव, समाज लिहा. नुसतं ‘वारली आर्ट, इयत्ता ७ वी’ नको.

नमस्कार ताई, मी जव्हारजवळच्या आश्रमशाळेत नवीन शिक्षक आहे. माझ्या वर्गात वारली, कोकणा, कातकरी, ठाकर अशी सगळी पोरं आहेत. पुस्तकात वारली आली की मला वाटलं ही पोरं खुलतील, पण उलट गप्प झाली. एक मुलगा तर म्हणाला, सर आपण कार्टून काढू. माझं काय चुकतंय?

सर, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते. पुस्तकात दाखवलंय तसे दोन त्रिकोण फळ्यावर काढले आणि सगळ्यांना उतरवायला लावले. एका मुलीने वेगळंच काढलं, मी खोडायला लावलं, पुन्हा काढ म्हटलं. तर ती हळूच म्हणाली, बाई, माझी आय असं नाय लिहीत. मी त्या दिवशी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने तिच्या घरी गेले, भिंत बघितली आणि मग वर्गात येऊन सगळ्यांसमोर तिला म्हटलं की तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. ती मुलगी आता स्वतः आई आहे आणि मला अजून ते खोडलेलं चित्र आठवतं.

पोरं गप्प का होतात, तर घरचीच गोष्ट पुस्तकातून परकी होऊन परत येते, वर शिक्षक बाहेरचा, भाषा पुस्तकी, आणि वर्षानुवर्षं त्यांनी ऐकलेलं असतं की आदिवासी म्हणजे मागासलेले. मग एका तासात अचानक त्याचंच कौतुक सुरू झालं तर त्यांना खरं वाटत नाही. वाटायचं कसं?

काही गोष्टी करून बघा. ‘तू वारली ना, तू काढून दाखव’ असं कुणालाही उभं करू नका, पोरगा समाजाचा प्रतिनिधी म्हणून शाळेत आलेला नाही. दुसरं म्हणजे वारली चित्र हे सगळ्यांचं नाही. महाराष्ट्रात ४५ अनुसूचित जमाती आहेत आणि पुस्तकात आदिवासी कला म्हटलं की एकच. तुमच्या वर्गातल्या कातकरी पोराला तुम्ही वारलीला ‘तुमची कला’ म्हणालात तर तो बिचारा काय बोलणार, त्याचे आजे-पणजे खैराचा कात पाडणारे, त्याला नदीतला मासा आणि रानातली वाट ज्या बारकाईने माहितीये ती मला जन्मात यायची नाही. त्याला तेच काढू द्या. तुमच्या भागात बोहाडा होतो ना, जव्हार-मोखाड्याला, मुखवटे घालून रात्रभर देवांची सोंगं नाचतात, कागदाच्या लगद्याचे ते मुखवटे बनवणारे हात तुमच्या पोरांच्या घरातच असतील. एखाद्या आजोबांना विचारा शाळेत याल का. आणि ठाकर पोरांसाठी तळकोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीची माहिती आणा, तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपलीये, एकेक चित्र समोर धरून गाऊन रामायण-महाभारत सांगतात. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी घरच्या गोठ्याचं म्युझियम केलंय. सिंधुदुर्गातले ठाकर आणि तुमच्याकडचे ठाकर एकच असं मात्र पोरांना सांगू नका, त्यांना फक्त हे बघू दे की ठाकर नावाच्या माणसाचं चित्र म्युझियममध्ये आहे.

आणि त्या मुलाला कार्टून काढू द्या सर. खरंच. त्याच्या भाषेत संवाद लिहू द्या, वारलीत, कोकणा बोलीत, कातकरीत, जे काय तो घरी बोलतो त्यात. एकदा त्याची भाषा फळ्यावर आली की बाकीचं आपोआप यायला लागतं, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

ताई, आम्ही मेलबर्नला असतो. मुलगी चौथीत आहे. शाळेत ॲबोरिजिनल आर्ट म्हणून इअरबडने ठिपके द्यायला लावले, बूमरँगच्या कटआउटवर. मला थोडं खटकलं पण आपण बाहेरून आलेले, बोलावं की नाही कळत नाही. त्यापेक्षा कल्चरल डेला मी वारली शिकवू का?

खटकलं ते बरोबर खटकलं. ठिपक्यांची गोष्ट सांगते, मुलीलाही सांगा. १९७१ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पापुन्या नावाच्या वस्तीत जेफ्री बार्डन हा चित्रकलेचा शिक्षक होता. तिथल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या कथेचं मोठं चित्र केलं, शिक्षकाने फक्त जागा आणि रंग दिले. पुढच्याच वर्षी कलाकारांनी स्वतःच्या मालकीची कंपनी काढली, पापुन्या तुला. पण सुरुवातीच्या चित्रांत काही अशा खुणा होत्या ज्या सगळ्यांनी बघायच्या नव्हत्या, समाजातूनच आक्षेप आला, मग चित्रकार त्या खुणा सौम्य करायला लागले, ठिपक्यांच्या थराखाली झाकायला लागले. म्हणजे ज्या ठिपक्यांना आपण सोपी टेक्निक समजतो त्यांच्यात झाकून ठेवणंही आहे. इअरबडने ते येत नाही. (आणि ती शाळेच्या भिंतीवरची चित्रं? ती काही वर्षांत रंग मारून पुसली गेली. माझ्यासारख्या शिक्षकाला हे वाचून कसं वाटलं असेल ते सांगायला नको.)

शिवाय ठिपके हे वाळवंटाकडचे. उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर बारीक रेघांची जाळी असते. आणि तुम्ही जिथे राहता ती वुरुंजेरी लोकांची जमीन, तिकडे पॉसम या तिथल्या प्राण्याच्या कातड्याच्या पांघरुणांवर कोरलेल्या रेघा. एकोणिसाव्या शतकात विल्यम बराक नावाचे वुरुंजेरी पुढारी होऊन गेले, त्यांनी आपल्या लोकांचे नाच आणि समारंभ कागदावर रंगवले, पांघरुणं घेतलेली माणसं ओळीने उभी. मुलीला ती चित्रं दाखवा, तिथल्या मोठ्या गॅलरीत मिळतील बघायला.

शिक्षिकेशी जरूर बोला, तक्रार म्हणून नाही, विचारणा म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासक्रमातच आदिवासी आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांचा इतिहास-संस्कृती सगळ्या विषयांतून यावी असं आहे, त्यामुळे शिक्षिकेलाही काहीतरी करायचंच आहे, बहुतेकदा कुणाला विचारावं हे माहीत नसतं. तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात कुरी, म्हणजे तिथल्या आदिवासी समाजाच्या स्वतःच्या शिक्षणसंस्था आहेत, त्यांच्यामार्फत वुरुंजेरी माणूस शाळेत बोलावता येतो का हे तिला विचारायला सांगा. विचारलं नाही की काय होतं त्याचं उदाहरण तिकडच्याच नोटेवर आहे. १९६६ ला ऑस्ट्रेलियाची नवी एक डॉलरची नोट आली, तिच्यावर डेव्हिड मलंगी यांच्या सालीवरच्या चित्राची नक्कल, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. नंतर रिझर्व्ह बँकेने हजार डॉलर, एक मेडल आणि मासेमारीचं सामान दिलं.

आता तुमच्या वारलीचं. तुम्ही वारली आहात का हे पत्रात नाहीये. नसाल तर तिथेही आपण आणि इथेही आपण बाहेरचेच, हे मनात धरून शिकवा. ‘आमची महाराष्ट्राची कला’ म्हणून नको, ‘आमच्या राज्यातल्या एका आदिवासी समाजाची, त्यांनी अशी अशी जपलेली’ असं म्हणा. सध्या व्हिडिओ कॉल आहेत, पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या चित्रकाराला मानधन देऊन तासभर स्क्रीनवर आणा. मेलबर्नची पोरं आणि गंजाडचा चित्रकार समोरासमोर बोलतील, ते तुमच्या-माझ्या शिकवण्यापेक्षा कितीतरी बरं.

मॅडम, मी वारली आहे, मुंबईत आर्ट कॉलेजला सेकंड इयर. कुठलाही पाहुणा आला की मला वारलीचा डेमो द्यायला सांगतात. माझं ॲबस्ट्रॅक्ट काम दाखवलं तर म्हणतात तुझी ओरिजिनॅलिटी सोडू नकोस. कंटाळा आलाय. घरी सांगितलं तर आई म्हणते, दे ना डेमो, काय जातं.

बाळा, आईचंही बरोबर आहे आणि तुझंही. डेमो द्यायचा की नाही हे तू ठरव, आणि दिलास तर पैसे माग. बाहेरून येणाऱ्या कलाकाराला कॉलेज देतं ना मानधन, मग तुला का नाही. संकोच करू नकोस, लिहून माग.

दुसरं जे म्हणतेस त्याने मला जास्त त्रास झाला. ओरिजिनल म्हणजे जुनं तेवढंच, हे कुणी ठरवलं? जनगढसिंह श्याम मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे, परधान गोंड. त्यांच्या घराण्यात गाणं होतं, बाना हे तंतुवाद्य वाजवून गोष्टी सांगायचे. त्यांनी ते गाणं कागदावर आणलं, जे आधी तसं नव्हतंच, आणि आज त्यालाच गोंड चित्रकला म्हणून शाळांत शिकवतात. भुरीबाई भिल्ल समाजाच्या, भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होत्या, तिथे चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले. त्यांच्याकडे पिठोरा, म्हणजे भिंतीवरचं पूजेचं चित्र, पुरुषच लिहायचे, बाईने काढायचं नाही. म्हणून त्यांनी स्वतःची वेगळी चित्रं उभी केली, २०२१ ला पद्मश्री. तुमच्याकडे बायकांचं होतं आणि म्हसे या पुरुषाने रोज, सणाशिवाय, लग्नाशिवाय काढायला घेतलं, तेव्हा तेही परंपरेबाहेरचंच होतं. या सगळ्यांनी बदललं. तुलाच बदलायची बंदी का?

तुझं ॲबस्ट्रॅक्ट काम कर. त्यात वारली दिसो न दिसो. तू काढतेस म्हणजे ते वारली मुलीने केलेलं काम आहेच. आणि शिक्षकांना हे पान दाखवायचं असेल तर दाखव, माझी हरकत नाही. तुझी चित्रं मला बघायला आवडतील, मासिकाच्या पत्त्यावर पाठव.

मॅडम, शाळेच्या गॅदरिंगसाठी वारली प्रिंटच्या टी-शर्ट आणि पिशव्या विकून फंड जमवायचाय. वारलीला जीआय टॅग आहे म्हणतात, कायदेशीर अडचण येईल का?

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, त्यासाठी आदिवासी तरुणांच्याच संस्थेने प्रयत्न केले. कायद्याचं बारीक वकिलाला विचारा. माझं उत्तर साधं आहे, इंटरनेटवरून डिझाइन उचलू नका, वारली चित्रकाराकडून विकत घ्या, नाव छापा, विक्रीतला वाटा आधी ठरवा आणि लेखी द्या. नसेल जमत तर पोरांची स्वतःची चित्रं छापा, पालक तीच आधी घेतात.

माझा मुलगा (इयत्ता ५ वी, गोरेगाव) विचारतो, आदिवासी लोक आता आहेत का? पुस्तकात भूतकाळात लिहिलंय.

त्याला हात धरून आरे कॉलनीत घेऊन जा. तुमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर वारल्यांचे पाडे आहेत, गोरेगाव गोरेगाव व्हायच्या आधीपासूनचे. कुणाच्या अंगणात डोकावू नका, फोटो काढत फिरू नका, ओळखीतून जा, भाजी विकायला बसलेल्या मावशी असतील त्यांच्याशी बोला. वाघोबाचं ठाणं आहे, बिबट्या अजून येतो, मेट्रोची कारशेडही तिथेच झाली. हल्ली डहाणूकडचे चित्रकार रेल्वे काढतात, विमान काढतात, मोबाइल टॉवर काढतात. मुलाला म्हणावं, ही चित्रं यावर्षीची आहेत, ओल्या रंगाची.

ताई मी आठवीत आहे. पांढऱ्या पोस्टर कलरने वारली नीट येत नाही, जाड येते. खरी काडी कशी करतात?

छान प्रश्न. बांबूची बारीक काडी घे, उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडी जाड. एक टोक दाताने चावून चावून मऊ कर, धागे सुटे झाले पाहिजेत, तोंडात गेले तर थुंकून टाक. तांदूळ भिजवून बारीक वाट, पाणी घालून ताकाएवढं पातळ कर, थोडा डिंक. मागे गेरूचा थर पूर्ण वाळू दे, घाई करू नकोस. काढताना ओलं पीठ दिसतच नाही नीट, पांढरं होतं ते वाळल्यावर, त्यामुळे आपण काय लिहिलं हे थोड्या वेळाने कळतं. आधी घाबरायला होईल, मलाही व्हायचं. एका मावशींनी मला सांगितलं होतं, बघत बसू नको, हात चालव.